बारा महिने चोवीस अंश

माणसानं सूड घ्यावा की नाही, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. हिचं मत, घेऊ नये. माझं मत, घ्यावा, पण घाम न येता घ्यावा.

गाडी विकली तेव्हापासून आमचं गॅरेज म्हणजे माझा कारखाना. तिथं मी व्हायोलिनं बनवतो. व्हायोलिनची वरची फळी असते जेमतेम दोन-तीन नखांच्या जाडीची. कोरडा गरम वारा लागला की ती तडकते, गार दमट हवा लागली की फुगते. सुनेचं माहेर सांभाळावं तसं तिला सांभाळावं लागतं.

आमच्या शेजारी एसी दुरुस्त करणारा राहतो. गल्ली त्याला थंडोपंत म्हणते. त्यानं आपल्या घरात एसी बसवला आणि त्याचा बाहेरचा पंखेवाला डबा दोन घरांमधल्या बोळात, थेट माझ्या गॅरेजच्या खिडकीवर नेम धरून ठोकला. उन्हाळ्यात त्यातून असा फुफाटा यायचा की सरस वितळवायला मला शेगडी लागेना; सरसाचं भांडं खिडकीत ठेवलं की आपोआप रटरटायचं. हिवाळ्यात हा पठ्ठ्या तेच यंत्र उलटं फिरवून घर ऊबदार करायचा, म्हणजे थंडी माझ्या वाट्याला. एकदा व्हर्निशमधला ब्रश बाटलीत उभाच्या उभा गोठला. पुढं वर्षभर मी तो हातोडी म्हणून वापरला. खोटं वाटत असेल तर हिला विचारा. ही नाही म्हणेल, पण विचारा.

इथवर मी हसून सोडलं. मग ऐन उन्हाळ्यात, नातीच्या पहिल्या कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना, तिच्यासाठी दोन वर्षं खपून केलेलं व्हायोलिन माझ्या डोळ्यांदेखत तडकलं. टक्. एवढाच आवाज.

मी बोळात गेलो. "अरे, तेवढा डबा गच्चीवर चढव. पोरीचं व्हायोलिन गेलं."

"काका, लाकूड ते, तडकणारच," थंडोपंत दात कोरत म्हणाला. "आणि गॅरेज गाडीसाठी असतं. तुम्ही तिथं गाणं-बजावणं मांडलंत, त्याला माझा एसी काय करणार?"

नात उसन्या व्हायोलिनवर वाजवून आली. आल्या आल्या तिनं तडकलेल्या व्हायोलिनच्या तारा सोडवून ठेवल्या. रडली असती तर मी कदाचित मिटवून घेतलं असतं. त्याच दिवशी मी ठरवलं, हा डबा थंडोपंत स्वतःच्या हातानं उतरवील आणि पोरीसमोर चुकलं म्हणेल. तोवर दाढी करणार नाही असंही म्हणालो होतो, पण ते हिनं दुसऱ्या दिवशी रद्द करवलं.

सहा महिने खपलो. गॅरेजच्या भिंतींना आतून पट्ट्यांच्या चौकटी मारल्या, त्यांत थर्माकोल आणि कोरडा भुसा ठासला, वरून प्लायवूड. शटरच्या आत दुसरं दार. दाराखालच्या फटीला जुन्या टायरची ट्यूब कापून लावली. छपराला पांढरा चुना. झाडाच्या बाजूला खाली एक झरोका, वर एक. पहाटे उघडायचे, ऊन चढलं की बंद. हिवाळ्यात उलटं, दुपारी उघडायचे. बाहेर आग लागो नाहीतर दात वाजोत, आत तापमापकाचा काटा चोवीसवर. एक पाल राहायला आली, ती हिवाळ्यातही झोपली नाही. म्हणाली, इतकं बरं वाटत असताना झोपायचं कशाला?

आणि शेवटचं काम. बोळातली खिडकी बुजवली आणि बाहेरून, माझ्याच भिंतीवर, माझ्याच हद्दीत, डब्यापासून हातभर अंतरावर एक मोठी फळी बसवली. आतून खोलगट, ताटलीसारखी. डब्यानं फुंकलेला वारा फळीवर आपटायचा आणि वळून पुन्हा डब्याच्याच नाकात शिरायचा.

उन्हाळा आला. थंडोपंताचा एसी दहा मिनिटं चालायचा आणि धाप लागून बंद पडायचा. यंत्र दुरुस्त करणाऱ्यांना एक खोड असते. काही बिघडलं की आधी झाकण उघडतात. यानं गॅस बदलला, पंखा बदलला, कॉम्प्रेसर बदलला. अकरा वेळा डबा खोलला. डब्यात डोकं घातलेल्या माणसाला पाठीमागचं दिसत नाही. उलट तो माझ्या फळीला टेकून बसायचा. हत्यारांची पिशवी टांगायला मी तिला एक खिळाही मारून दिला.

"थँक्यू हं, काका," तो म्हणाला.

"अरे, शेजारधर्म!" मी म्हणालो.

गल्लीत लोक विचारायला लागले, "थंडोपंत, वारा घालायला माणूस पाठवू का?" त्याची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण नाही वाटलं.

आधी त्याची आई माझ्या गार गॅरेजात आली, शेंगा सोलायला. मग बायको आली, शिवणाचं मशीन घेऊन. मग मांजर. पंधरवड्यात त्याच्या घरात तो, एसी आणि कॅलेंडर एवढेच उरले.

त्याच्या आईनं पहिल्याच दिवशी बुजवलेली खिडकी पाहिली, बोळात चक्कर मारली आणि परत येऊन शेंगा पुढं ओढल्या.

"वहिनी, सांगणार का त्याला?" मी विचारलं.

"त्यानं विचारलं तर सांगीन. आईला विचारायची सवय नाही त्याला."

शेवटी एका दुपारी तो स्वतःच आला. शर्ट पिळून घ्यावा असा भिजलेला. आत पाऊल टाकलं आणि क्षणभर डोळेच मिटले त्यानं.

"काका, कुठलं मशीन लावलंयत? आवाज कसा नाही?"

"मशीन नाही."

तो टेबलाखाली वाकला, प्लायवूडला कान लावला, मांजराला उचलून त्याच्याखाली बघितलं. त्याची बायको तोंड फिरवून हसत होती. नात कोपऱ्यात नव्या व्हायोलिनच्या तारा लावत होती. तिनं मान वर केली नाही.

"आई, तू तरी सांग, कुठं लपवलंय?"

"बोळात जा," आई म्हणाली. "डब्याकडे पाठ करून उभा राहा."

पाच मिनिटांनी परत आला तेव्हा चेहरा असा, की अकराही वेळा त्याला एकदम आठवल्या असाव्यात.

"काका, ती फळी काढा."

"काढतो की. डबा गच्चीवर गेला, की लगेच."

भर उन्हात त्यानं बोल्ट सोडले, डबा खांद्यावर घेतला आणि शिडी चढला. शिडी मी धरली होती. घाई करू नकोस, असं दर पायरीला सांगत होतो; मला बघायचं होतं.

खाली उतरून तो दाराशी उभा राहिला.

"आता चुकलं म्हण. मला नको, पोरीला."

तो जमिनीकडे बघून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. तुझ्या आईला कमी ऐकू येतं."

"मला सगळं ऐकू येतं," आई शेंगांची सुपली बाजूला ठेवत म्हणाली. "पण बोल, बाळा. आणखी एकदा बोल."