नव्यासारखी पुस्तकं

पिंपळवंडीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल झालो तेव्हापासून मुलांच्या कपाटातलं एकही पुस्तक फाटू दिलेलं नाही. बालविभागाचा खर्च आटोक्यात ठेवायचा माझा उपाय साधा होता. पुस्तक खराबच झालं नाही, तर नवं घ्यावं लागत नाही. म्हणून प्रत्येकाला प्लॅस्टिकचं कव्हर, दाराशी पाण्याची बादली आणि भिंतीवर माझ्या सुवाच्य अक्षरात पाटी : 'फाडाल तर नवीन मिळणार नाही.' पोरं हात धुवून माझ्यासमोर बसायची आणि दोन बोटांनी पानं उलटायची. कुणी पुस्तक घरी न्यायला मागितलं, तर मी असा बघायचो की तो निमूटपणे ते परत ठेवायचा. या शिस्तीचा मला भलताच अभिमान होता. पोरं कमी होत गेली, तेही मी शिस्तीच्याच खात्यात जमा धरलं.

शेवटी रोज येणारी एकटी समृद्धी उरली. सातवीतली पोरगी. एके दिवशी म्हणाली, "काका, समदी दोनदा वाचून झाली. नवं काय न्हाई का? न्हाईतर मी उद्यापासनं येत न्हाई."

खरं सांगतो, पोरांविना बालविभाग म्हणजे नुसतं कपाट, आणि कपाट राखायला ग्रंथपाल कशाला हवा?

मी अध्यक्षांना बोलावलं. आमचे दादाभाऊ टोमॅटोचे व्यापारी, माल हातात घेतल्याशिवाय भाव बोलत नाहीत. त्यांनी चार पुस्तकं चाळली.

"सयाजीराव, ही तर लई कोरी हायेत. वापरच न्हाई, तर नवी कशाला घ्यायची?"

मग मी अक्कल चालवली. कव्हरं काढली, बादली आत ठेवली आणि शाळेतल्या पोरांना बळंच पुस्तकं घरी न्यायला लावली. "जेवताना वाचा," असंही सांगितलं. पण शिकवण माझीच! पोरं फडक्यात बांधून पुस्तक न्यायची आणि दुसऱ्या दिवशी होतं तसं आणून द्यायची. एका दुपारी मी स्वतःच एका पुस्तकावर चहा सांडायला बसलो. हात धजावला नाही, चहा मीच प्यायलो.

अखेर समृद्धीचा धाकटा भाऊ समर्थ रडत आला. हातातल्या पुस्तकावर कालवणाचा डाग, मधली पानं सुटलेली. मी त्याला मिठीच मारली आणि दादाभाऊंना पुन्हा बोलावून आणलं. "बघा, वापर!"

दादाभाऊंनी पुस्तक पाहिलं, मग भिंतीकडे बघून मोठ्यानं वाचलं, "फाडाल तर नवीन मिळणार नाही." आणि शांतपणे म्हणाले, "तुमचीच पाटी हाय, राव."

मी स्टुलावर चढून पाटी काढली. "चुकलं माझं," म्हणालो. "निम्मे पैसे माझ्या मानधनातून कापा, पण पुस्तकं घ्या." ते मानधन किती तुटपुंजं, हे दादाभाऊंनाच ठाऊक. ते पोट धरून हसले आणि हसता हसता हो म्हणून गेले.

नवी पुस्तकं आली. गठ्ठा सोडला आणि सवयीनं माझा हात प्लॅस्टिकच्या गुंडाळीकडे गेला. कात्रीही उचलली. दारात समृद्धी उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही ओले हात पुढे केले आणि उलटसुलट करून दाखवले.

"धुतलेत, काका. ही नवी घरी नेऊ का?"

मला माझीच लाज वाटली. मी कात्री खाली ठेवली आणि अख्खा गठ्ठा तिच्यापुढे सरकवला.