लांबलेल्या प्रार्थनेचं ऋण

मी एक लोखंडी गज बोलतोय. मुठीत मावेन एवढाच. आज हॉविसबाईच्या चुलीवर भांडं टांगायचा आकडा म्हणून नांदतो आहे, पण माझा जन्म काही रांधण्यासाठी झाला नव्हता.

टर्स्टन लोहाराच्या बापानं मला घडवलं आणि देवळात नेऊन दिलं. कुणावर आळ आला की मला निखाऱ्यांवर ठेवायचे. धर्मगुरू मंत्रून द्यायचे आणि आरोपीनं मला उघड्या हातात धरून ठरलेली पावलं चालायची. मग हाताला पट्टी. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडायची. हात चिघळला असेल तर माणूस गुन्हेगार, त्याला फास. देवाचा कौल म्हणायचे त्याला. मी किती तळहात जाळले, सांगवत नाही. आधीचे धर्मगुरू फार झटपट प्रार्थना उरकत. मी लालभडक असतानाच हातात पडे.

मग म्हातारे फादर ऑस्मंड आले आणि त्याच हिवाळ्यात हॉविसवर आळ आला. तिचा नवरा तापानं गेला, तर धाकटा दीर राल्फ म्हणाला, हिनं विष घातलं. भावाच्या शेतावर त्याचा डोळा होता, हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक.

देऊळ माणसांनी भरलं. मी तापलो. नियम असा, की प्रार्थना सुरू झाली की विस्तवाला कुणी हात लावायचा नाही. ती संपेपर्यंत मी निखाऱ्यांवर पडून राहायचं.

फादरनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. एकेक शब्द चघळत. मधेच खोकले, पाणी प्यायले, पुन्हा थांबले.

"ओ फादर, देव बहिरा आहे का?" राल्फ ओरडला.

"देव नाही रे बाबा, मीच विसरभोळा. कुठल्या ओळीवर होतो कोण जाणे. पहिल्यापासून म्हणतो."

"झालं! आता उन्हाळा इथंच काढायचा," मागून एक बाई म्हणाली आणि हशा पिकला. हॉविस तेवढी हसली नाही. ती स्वतःच्या तळहाताकडे बघत उभी होती.

निखाऱ्यांवर राख चढली. राल्फ पायानं ओंडका आत सारायला गेला, तेव्हा टर्स्टननं त्याची मानगूट धरली. "नियम आहे, राल्फदादा. देवाच्या कामात लाथ नको."

आणि मी गार होऊ लागलो. काय सांगू, असं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटी 'आमेन' झालं. हॉविसनं मला उचललं. मी कोमटच होतो, उन्हात ठेवलेल्या दगडासारखा. ती चालली आणि मला खाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी फादरनी पट्टी सोडली, तिचा हात सगळ्यांपुढं उंच धरला आणि म्हणाले, "स्वच्छ." राल्फ मान खाली घालून निघून गेला.

मला वाटलं, म्हातारपणी जीभ जड होते, त्यात माझं नशीब उघडलं.

पुढं रोमहून पोपचा हुकूम आला, धर्मगुरूंनी लोखंड मंत्रायचं नाही. मी अडगळीत गंजत पडलो. एक दिवस हॉविस आली आणि मला मागून घेतलं. टर्स्टन म्हणाला, "अगं, ज्यानं हात जाळायचा, त्याच्यावर रांधणार तू?"

"त्यानं नाही जाळला ना माझा," ती म्हणाली. "तापायची सवय आहेच त्याला. आता लापशी तरी शिजू दे."

त्यानं मला वाकवलं, टोक वळवलं. तेव्हापासून मी या चुलीचा.

काल फादर जेवायला आले होते. हॉविसनं ताट वाढलं, तशी त्यांनी जेवणाआधीची प्रार्थना एका दमात उरकली. शब्दावर शब्द आदळले. हॉविस बघतच राहिली.

"फादर, त्या दिवशी कुठं गेली होती ही घाई?"

त्यांनी लापशीचा मोठा घास घेतला, मिशी पुसली आणि माझ्याकडे बघितलं.

"लापशी गरम खायची असते, पोरी," ते म्हणाले. "त्या दिवशी गार व्हायला हवं होतं."