खालची कवळी

“रात्री काढून ठेवता ना, काका?”

“व्हय की. रोज. डबीत, पाण्यात.”

आकाराम खोटं फार कमी बोलत, आणि बोललेच तर स्वस्तातलं. डॉ. प्रियदर्शनींनी त्यांची खालची कवळी उजेडात धरली. आतून पिवळट थर, कडेला रक्त. बोळक्या जबड्यात रोवलेल्या दोन स्क्रूंवर ती टिचकन बसायची. लेक क्रांतीनं इचलकरंजीहून येऊन हट्टानं ते काम करून घेतलं होतं.

“डाव्या स्क्रूभोवती पू आहे. एक्स-रेत हाडही खाली गेलेलं दिसतंय.”

“दातच न्हाईत तर हिरडीचं दुखणं कसलं वो? घरात माणूस न्हाय आणि भांडण हाय, असं झालं!”

डॉक्टर हसल्या, पण हात थांबवला नाही. “स्क्रूभोवती घाण साचली की हिरडी सुजते, मग हाड झिजतं. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. आज साफ करते. पण रात्री कवळी काढायचीच, स्क्रू ब्रशनं घासायचे. नाहीतर हा स्क्रू निघेल, आणि तुमच्या हाडात दुसरा बसणार नाही. मग खालचे दात विसरा.”

आकारामांनी मान डोलावली. खरं कारण काही दवाखान्यात सांगण्यासारखं नव्हतं.

हयातभर त्यांनी शिवाजी पेठेतल्या एका स्टुडिओत फोटोंचं रिटचिंग केलं. त्या काळी म्हाताऱ्यांचा फोटो जिवंतपणी काढायचं कुणाला सुचत नसे. माणूस गेला की खुर्चीत टेकवायचा आणि स्टुडिओत सांगावा धाडायचा. मिटलेले डोळे ब्रशनं उघडणं सोपं. आत ओढलेले ओठ आणि बसलेले गाल वर काढताना घाम फुटायचा. पेठेतल्या निम्म्या भिंतींवरच्या आज्यांचे गाल आकारामांचेच. आता ते भरणारं कुणी उरलं नाही. शिवाय हल्ली दार उघडणारा आधी मोबाईल काढतो. खांदेकरी जमायच्या आत फोटो ग्रुपवर. बायको गेल्यावर एकट्यानं राहणाऱ्याला कोणत्या सकाळी कोण कसं बघेल, नेम काय? म्हणून आकाराम दातांसकट झोपत.

दवाखान्यातून ते घरी गेले नाहीत, शेजारच्या तानाबाईंच्या गोठ्याकडे वळले. रोज सकाळी दूध घालणाऱ्या तानाबाईंकडे त्यांच्या दाराची एक किल्ली असायची.

“तानाक्का, एक काम हाय.”

“बोल की.” म्हशीच्या कासेवरचा हात चालूच.

“सकाळी मी हाकेला ओ दिली न्हाय तर किल्लीनं दार उघड. उशाला डबी असंल. आदी खालचे दात बसवायचे. मग माणसं बोलवायची.”

धार थांबली.

“का? वर लगीन लागणार हाय काय तुझं?”

“फोटो काढत्यात गं.”

तानाबाईंनी चरवी बाजूला ठेवली. त्यांच्या सोप्यात नवऱ्याचा फोटो होता, आणि त्याचे गाल कुणी भरलेत ते त्यांना ठाऊक होतं.

“जबडा ताठ व्हायच्या आत याया पायजे म्हंजे,” त्या उठल्या. “दाव, कसं बसवायचं.”

“आत्ता? माझ्या तोंडात हात घालणार तू?”

“म्हशीच्या घशात हात घालून औषीद पाजलंय मी. तुझं तोंड काय म्हशीपेक्षा मोठं हाय?”

त्यांनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. आकाराम पालथ्या बादलीवर बसले आणि कवळी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली. चेहरा खाली बसला; त्यांनी नजर म्हशीकडे वळवली. तानाबाईंनी एका हातानं त्यांचा गाल धरला, दुसऱ्यानं कवळी आत सरकवली, अंगठ्यानं दाबली. टिच्. मग दुसरीकडे, टिच्.

“बसलं?”

बसलं होतं, पहिल्याच दाबात. डावीकडे कळही आली होती. पण बायको गेल्यापासून डॉक्टरांच्या हातमोज्यांखेरीज त्या गालाला कुणाचा हात लागला नव्हता.

“डावीकडं जरा ढिल्लं वाटतंय,” आकाराम म्हणाले. “आनखी एकदा कर.”