दोल्गोरची बॅटरी

शरद ऋतू संपता संपता दोल्गोरचा मुलगा तुमेन शहरातून आईसाठी उन्हावर वीज करणारी सौर पाटी आणि तिची बॅटरी घेऊन आला. पाटी त्याने तंबूबाहेर, दक्षिणेकडे तोंड करून बसवली. बॅटरी मात्र आत ठेवली, चुलीपासून जराशी लांब.

"आई, ही बाहेर न्यायची नाही. आणि पार उतरूही द्यायची नाही. रिकामी झाली की थंडीत गोठते. मग गेलीच म्हणून समज."

"म्हणजे सूनच आणलीस की! ऊब हवी, पोटही भरलेलं हवं," दोल्गोर म्हणाली.

तिने बॅटरीसाठी लोकर थापून केलेल्या जाड नमद्याची झूल शिवली. दिवा ती बेतानेच लावायची, पण फोन कायम चार्ज केलेला ठेवायची. तुमेनचा फोन कधी येईल, काय सांगावं! शेजारची बदम चिडवायची, "मेंढ्यांचे नाहीत एवढे लाड या ठोकळ्याचे."

पांढऱ्या महिन्याच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाला तुमेन बायकोपोरांना घेऊन आला. दोन दिवस तंबू नुसता गजबजून गेला. निघायच्या सकाळी मात्र गाडी काही केल्या सुरू होईना; तिची बॅटरी थंडीने उतरली होती. तो आत आला आणि सरळ आईच्या बॅटरीच्या तारा सोडवू लागला.

"अरे, बाहेर न्यायची नाही म्हणून तूच सांगितलंस ना?"

"पाच मिनिटांचं काम आहे, आई."

गाडी सुरू झाली. पण त्याने बॅटरी परत आणली नाही. मागच्या सामानात टाकली. "वाटेत बंद पडली तर? पोरं आहेत बरोबर. गावातून लगेच कुणाबरोबर तरी पाठवतो."

पोरांचं नाव निघताच दोल्गोर आत वळली. झूल हातात घेऊन ती गाडीमागे चार पावलं धावली. "ही तरी घाल रे तिच्यावर!" काच वर गेलेली होती.

मेंढ्या व्यायला लागल्या, तेव्हा एका ट्रकवाल्याने बॅटरी आणून टाकली. तोवर ती गावातल्या दुकानामागे उघड्यावर पडून होती. पोट फुगलेलं, एका बाजूला उभी चीर.

"गोठून फुटली," बदम म्हणाली आणि तिने आपल्या फोनवरून तुमेनला फोन लावून दिला.

"पोहोचली ना, आई? बघ, म्हटलं होतं ना पाठवतो म्हणून! तू उगाच घोर लावून घेतेस."

"पोहोचली," दोल्गोर म्हणाली. "पोरं बरी आहेत ना?"

फोन बंद झाल्यावर बदम तिच्यावर उखडली. "तोंड शिवलं होतं का तुझं? फुटली म्हणून सांगायचंस की!"

"सांगितलं असतं तर नवी पाठवतो म्हणाला असता," दोल्गोर म्हणाली. "मग मी पुन्हा वाट बघत बसले असते."

तिने झग्याचा पट्टा आवळला आणि ती मेंढ्यांकडे निघाली.