टाकीतलं भोक

माझा नवरा एवेलिओ ऐन सुगीच्या तोंडावर गेला. सुगी काही कुणासाठी थांबत नाही. पहिल्या तोडणीची कॉफीची फळं सोलून बिया टाकीत टाकल्या त्या मी आणि माझी मुलगी योलिमा, दोघींनीच.

चिकट बिया टाकीत आंबल्या की धुवायच्या, पण नेमक्या कधी, यातच सगळी कॉफी आहे. घाई केली तर चव कच्ची, उशीर झाला तर व्हिनेगर. एवेलिओ काठी खुपसून बघायचा. भोक बुजलं तर थांबायचं, उभं राहिलं तर धुवायचं. ती काठी त्याने उभ्या संसारात मला कधी हातात घेऊ दिली नाही. "तू मक्याचे आरेपा भाज," म्हणायचा.

सकाळी गेले, तर टाकीच्या मधोमध काठीएवढं भोक.

"योलिमा, तू खुपसलीस?"

"मी? मी आत्ता उठतेय, आई."

भिंतीला टेकवलेल्या काठीचं टोक ओलं होतं. बिया चोळून बघितल्या, तयार होत्या.

मग हे रोजचंच झालं. मी घाबरले नाही, चिडले. मेला तरी काठी सोडेना; सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तो असा. पोरीला मी ताकास तूर लागू दिली नाही. पितालितोच्या बाजारातला कॉफी चाखणारा म्हणाला, "रोसाल्बाबाई, एवेलिओचा हात आलाय हो तुम्हाला." मी हसले आणि आतून जळफळले.

एका गारठलेल्या सकाळी भोक होतं, पण कोपऱ्यातल्या बिया अजून बुळबुळीत लागल्या.

"चुकलास," मी म्हटलं.

"कोणाशी बोलतेस? भोक उभंय की. बाबांनी धुतली असती," योलिमा म्हणाली.

"बाबा नाहीयेत."

दुपारपर्यंत थांबले. मग धुतली, तर बिया खड्यांसारख्या वाजल्या. ती कॉफी चाखणाऱ्याने दोनदा तोंडात घोळवली. "ही कोणाच्या हातची?"

"माझ्या," मी म्हणाले. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होते.

त्यानंतर भोक पडलं नाही. रोज सकाळी टाकी सपाट. आठवडाभर मी मिरवले. मग सकाळी टाकीकडे जायला पाय उचलेना. त्याला पटलं होतं आणि माझ्यावर सोपवून तो निघून गेला होता. जन्मभर मला हेच तर हवं होतं, आणि आता ते सोसवत नव्हतं.

शेवटची तोडणी वरच्या उताराची, वर्षातली सगळ्यात चांगली. योलिमाला मावशीकडे पाठवलं आणि टाकीला हात लावला नाही. बिया धुवायची वेळ आली आणि टळून गेली. दुसऱ्या दिवशी अंगणभर आंबूस वास सुटला. मी टाकीच्या काठावर उभी होते.

"बघ, नासवतेय मी," त्याला म्हटलं. "ये की. ओरड मला."

फेसाचे बुडबुडे येत होते आणि फुटत होते. बाकी काही नाही.

योलिमा आली ती नाकाला रुमाल लावूनच. "आई, काय हे? विसरलीस?"

"विसरले," मी म्हणाले.

पोरीने मला जवळ घेतलं. वय झालं की होतं असं, अशी माझी समजूत काढायला लागली. मी काढू दिली.