घरी कोण असतं?

वेल्समधल्या त्या डॉक्टरकीच्या परीक्षेत एनिडबाई लटक्या रुग्ण होत्या. छातीत दुखतं म्हणायचं, आठ मिनिटांनी घंटा, की पुढचा विद्यार्थी. शेवटी रुग्णाच्या वतीने प्रत्येकाला गुण त्यांनी द्यायचे.

"घरी कोण असतं?"

"नवरा. चहा तोच करतो," त्या प्रत्येकाला पढवलेलं सांगत. पहिल्या आठही जणांनी आपल्या यादीवर खूण केली. नववीने मात्र पेन ठेवलं. "कसा करतो हो चहा?"

हे पढवलेल्या कागदावर नव्हतं. "कडू जहर!" त्या हसल्या. त्यांच्या खऱ्या नवऱ्याला, ह्यूला, जाऊन सहा वर्षं झाली होती.

घंटा झाली. "छातीचं राहिलंच की!" परीक्षक फणकारले. एनिडबाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले.

दहावा आला. "घरी कोण असतं?"

"कुणीच नाही," एनिडबाई म्हणाल्या.

त्याने खूण केली. "सिगरेट ओढता?"