शेवटचं कोण?

"माझ्या कार्यक्रमानं आजवर एकही माणूस मेलेला नाही," लिब्रादानं दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून डॉक्टरीणबाईंना सुनावलं. "तुम्हाला येईल का असं छातीठोक सांगता?"

डॉक्टरीणबाई वयानं तिच्या नातीएवढ्या. लसूण-लिंबाच्या पाण्यानं रक्तदाब पळून जातो, असं पॉडकास्टवर सांगू नका, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्या उत्तर देणार, तेवढ्यात शेजारची मिगदालिया चपला हातात घेऊन धावत आली.

"अगं लिब्रादा, होनोरियो न्हावी गेला!"

"कुठं गेला?"

"गेला म्हणजे गेला, बाई! आपल्याच खुर्चीत बसल्या बसल्या. गळ्याभोवती पांढरं फडकं, जसा काही दाढीला बसलाय. आणि कानात ते फोनचं बोंडूक. तुझाच भाग चालू होता, लघवीच्या रंगाचा."

लिब्रादा पायरीवरून खाली उतरली. मग म्हणाली, "शेवटपर्यंत ऐकला का पण त्यानं?"

आयुष्यभर ती याच दवाखान्याच्या खिडकीत बसली होती. नावं पुकारायची, कागद शोधायचा, सापडला नाही तर पेशंटवरच ओरडायचं. निवृत्त झाली तेव्हा गावाला वाटलं, सुटलो. पण सांता क्लारा शहरातून भाचीनं जुना फोन पाठवला आणि लिब्रादाचं पॉडकास्ट सुरू झालं. बाहेर डुकराचं ओरडणं, शेजारचा रेडिओ, म्हणून ती कपड्यांच्या कपाटात शिरून बोलायची. नवऱ्याचा, वेन्सेस्लाओचा, लग्नातला कोट तिच्या कानाला लागायचा, डांबराच्या गोळ्यांच्या वासानं शिंक यायची, तीही भागात जायची. मग मिगदालिया तो भाग गावभर फॉरवर्ड करायची.

विषय आरोग्याचे. पाय कोमट पाण्यात कधी बुडवावेत. पेरूची पानं कशाला चालतात. आणि आरोग्याचं धोरण! रक्तदाबाच्या गोळ्या का येत नाहीत, हे ती इतकं छान समजावून सांगायची की ऐकणाऱ्याला गोळी घेतल्यासारखं वाटायचं. "रांग हीच आपली खरी आरोग्य-व्यवस्था," ती म्हणायची. "रांगेत मंत्री नाही, संत्री नाही. मी खिडकीत होते तोवर एकालाही पुढं घुसू दिलं नाही."

प्रत्येक भागाची सुरुवात ती रांगेसारखीच करायची. आमच्याकडे रांग डोळ्यांना दिसत नाही. माणसं सावली बघून कुठंही बसलेली असतात. नवा आलेला विचारतो, "शेवटचं कोण?" कुणीतरी हात वर करतं, "मी." मग विचारायचं, "तुम्ही कुणाच्या मागं?" एवढं झालं की तुमची जागा पक्की. मग खुशाल पाव आणायला जा, परत या, जागा तिथंच असते. तर लिब्रादा कपाटातून विचारायची, "शेवटचं कोण?" श्वासभर थांबायची आणि म्हणायची, "मग तुमच्या मागं मी." त्या श्वासभराच्या शांततेत गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांतून सवयीनं आवाज यायचा, "मी!"

होनोरियोला मूठमाती देऊन आल्यावर तिनं तो लघवीचा भाग पुन्हा लावला. काही चुकीचं तर बोलले नाही ना, एवढंच बघायचं होतं. "शेवटचं कोण?" तिचाच आवाज. मग शांतता. शांततेत कुणीतरी घसा खाकरला. आणि अगदी जवळून, कोटाच्या बाहीतून आल्यासारखा, होनोरियोचा आवाज म्हणाला, "मी."

तिनं मिगदालियाला ऐकवलं.

"न्हावी कपाटात काय करत होता गं?" मिगदालियानं विचारलं.

"तोंड सांभाळ. मी एकटी होते."

"एकटी होतीस तर हा कोण, डांबराची गोळी?"

पुढच्या भागात, बद्धकोष्ठतेच्या, आवाज प्राक्सेदेसबाईंचा निघाला. शाळेत शिकवायच्या त्या. 'मी' सुद्धा शुद्धलेखनात म्हणाल्यासारखा. त्याच आठवड्यात कंद सोलता सोलता त्या टेबलावर डोकं टेकून गेल्या. हातातली साल अखंड, कुठं तुटलेली नाही.

त्यानंतर लिब्रादाला कधी मिळाले नव्हते इतके श्रोते मिळाले. एरवी भाग अर्ध्यात सोडणारी माणसं पहिली शांतता कान लावून ऐकायची, ओळखीचा आवाज नाही याची खात्री करायची आणि निवांत फोन बंद करायची. पेरूची पानं बिचारी तशीच राहायची. कुणी 'मी' म्हणू नये म्हणून तोंडात पावाचा तुकडा धरून ऐकायचं. एक बाई तर दारात येऊन हळूच विचारून गेली, "पुढच्या वेळी माझ्या सासूचा नंबर लागेल का? तसं ती ऐकते तुम्हाला, अगदी मनापासून." बेकरीसमोर वाद पेटला. एकजण म्हणाला, या रांगेत शेवटचं असणंच बरं. दुसरा म्हणाला, शहाण्या, रांगेत नसणं त्याहून बरं. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या गावात लोक एकमेकांना म्हणू लागले, "तुम्ही व्हा पुढं." "छे छे, आधी तुम्ही."

लिब्रादानं ठरवलं, आता तो प्रश्नच विचारायचा नाही. तिनं झोपेवर भाग केला. सरळ सुरुवात केली, "मंडळी, आज आपण डाव्या कुशीबद्दल बोलू." सगळं नीट झालं. फोन कानाला लावून तपासायला बसली. डावी कूस, उजवी कूस, उशी किती उंच. मध्येच तिचाच आवाज थांबला. बोलताना ती कुठं थांबली नव्हती. आणि भलत्याच, थकलेल्या आवाजात कुणीतरी विचारलं, "शेवटचं कोण?"

"मी," उत्तर आलं. पुढचे दोन दात नसल्यामुळं शीळ घातल्यासारखं.

"कुणाच्या मागं?"

"प्राक्सेदेसबाईंच्या."

तो वेन्सेस्लाओ होता. तिचा नवरा. अंगणात डुकराला शिळा भात घालत होता आणि त्याला म्हणत होता, "खा राजा, तुला कोण धोरण समजावतंय!"

लिब्रादानं त्याला तसाच, चिखलाच्या बुटांनी, दवाखान्यात ओढून नेला. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, छाती ऐकली, पट्टा आवळून रक्तदाब घेतला.

"यांना काहीही झालेलं नाही."

"तेच तर म्हणतेय मी! होनोरियोलाही काही झालेलं नव्हतं."

"मग मी लिहू काय?"

"काहीतरी लिहा हो. काहीतरी द्या याला."

डॉक्टरीणबाईंनी पट्टा गुंडाळून ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "लसूण-लिंबू द्या." चेष्टा नव्हती ती. त्यांनीही होनोरियोचा आणि प्राक्सेदेसबाईंचा आवाज ऐकला होता.

वेन्सेला कमी ऐकू यायचं. बायकोचा कार्यक्रम त्यानं कधीच ऐकला नव्हता. रोजचाच आवाज, फोनमधून वेगळा काय ऐकायचा? पण रांगेचं सगळं गावानं आधीच त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं होतं, आणि त्याच्या पाळीचं लिब्रादानं.

"म्हातारे, घाबरू नको," परतीच्या वाटेवर तो म्हणाला. "मी पावाच्या रांगेत उभा राहिलो तरी माझी पाळी आली की पाव संपतो. तिथंही तसंच होईल. खिडकी बंद करतील आणि म्हणतील, उद्या या."

ती हसली नाही. त्याच्या सदऱ्याचं बटण चुकीच्या काजात होतं. भर रस्त्यात थांबून तिनं ते काढून नीट लावलं.

दुपारी जेवणं झाल्यावर ती कपाटात शिरली. दार ओढून घेतलं, फोन चालू केला. अंगणातून वेन्सेची हाक येत होती, डुकराला. म्हणजे तो बाहेरच होता.

"शेवटचं कोण?" तिनं विचारलं.

"मी," वेन्से कोटाच्या मागून म्हणाला.

आवाज तिनं खिडकीतलाच लावला. "मी तुझ्या पुढं होते, म्हाताऱ्या. जरा पाव आणायला गेले होते."

कपाटात खुसफुस झाली. कपाट हातभर खोल. पण चपला सरकल्याचा, पुठ्ठ्यानं वारा घेतल्याचा आवाज लांबवरून आला, एखाद्या मोठ्या व्हरांड्याच्या टोकाकडून यावा तसा. पुष्कळ माणसं होती.

"यांना इथं कुणी पाहिलेलं नाही," प्राक्सेदेसबाई स्वच्छ उच्चारात म्हणाल्या. "माझ्यामागं वेन्सेस्लाओ आहेत."

"घुसतेय ती!" कुणीतरी लांबून ओरडलं. "बाहेर काढा!"

"लिब्रादाबाई, शिस्त तुम्हीच शिकवायचात ना?" हा होनोरियो. "मंत्री नाही, संत्री नाही!"

लिब्रादानं कोट बाजूला सारला आणि अंधाराकडे तोंड केलं. "होनोरियो, तुझी दाढ सुजली होती, तोंड भोपळ्याएवढं झालं होतं. बाहेर रस्त्यापर्यंत रांग. तुला मागच्या दारानं कुणी आत घेतलं?"

ती दुसऱ्या बाजूला वळली.

"आणि प्राक्सेदेसबाई, तुमच्या बहिणीचं बाळंतपण. कागद नव्हता, नाव नव्हतं. मी लिहिलं नाव, सगळ्यांच्या वर. बोलू अजून? त्या मागं ओरडणाऱ्यालाही मी ओळखते. त्याच्या मुळव्याधीची गोष्ट सांगू का सगळ्यांना?"

पुठ्ठ्यांची फडफड वाढली. मग होनोरियो खाकरला.

"होती ही," तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पाव आणायला गेली होती."

"होत्या," प्राक्सेदेसबाई म्हणाल्या. "आता आठवलं."

कोटाची बाही जराशी हलली. कुणीतरी एक पाऊल मागं सरकून जागा करून दिल्यासारखं.

लिब्रादा बाहेर आली तेव्हा वेन्से दारात उभा होता. "कुणाशी भांडत होतीस गं?"

"श्रोत्यांशी."

"ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं. तू मीठ कमी खा. आणि डॉक्टरीणबाई काय सांगतील ते ऐक, माझं नको ऐकूस."

"तुझं कधी ऐकलंय?" वेन्से म्हणाला आणि स्वतःच हसला.

तो भाग तिनं नेहमीसारखा मिगदालियाला पाठवला. एक शब्दही कापला नाही. संध्याकाळपर्यंत गावात प्रत्येकानं ऐकला. बेकरीसमोरचा वाद बंद पडला. मुळव्याधीचा कोण, हेसुद्धा कुणी कुणाला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी लिब्रादा वेन्सेला म्हणाली, "कॉफी गरम आहे, फुंकर मार." त्यानं फुंकर मारली, घोट घेतला, म्हणाला, "साखर कमी पडलीय." ती काही बोलली नाही. साखरेवरून ती गप्प बसली, तेव्हाच त्याला कळलं.

अंत्ययात्रेला गाव लोटलं. ती कुणाच्या जागी गेली ते सगळ्यांना ठाऊक होतं, एकट्या वेन्सेला सोडून. त्याला वाट देताना पुरुष टोप्या काढत होते, बायका नजर खाली घालत होत्या. त्याला वाटलं, लिब्रादाला एवढा मान होता तर! तो प्रत्येकाला मान हलवून आभार मानत गेला.

पुष्पचक्राच्या फितीवर 'वेन्सेस्लाओकडून, त्याच्या लिब्रादाला' असं लिहायला त्यानं सांगितलं होतं. पहिलं नाव लिहून झालं आणि दुकानातला सोनेरी रंग संपला. 'वेन्सेस्लाओ' एवढंच लिहिलेलं ते चक्र त्यानं तिच्या थडग्यावर ठेवलं.